लेफ्ट बॅकची जागा

दुबई, ४ ऑक्टोबर १९६४

जहूर यास सलाम.

पाकिटावर तुझं नाव पाहून तू ते लगेच उघडलं नसशील. खिशात घालून खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या दोन फेऱ्या केल्या असशील, तिकिटं फाडली असशील, मग कुठेतरी आडोशाला. मी तुला ओळखतो. घरच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवलं नाही. घरी आलं असतं तर अम्मा म्हणाली असती, वाच. आणि तुला ते ओटीवर मरियमबी चाची आणि शेजारच्या चार बायकांसमोर वाचावं लागलं असतं.

मी दर महिन्याला पत्र लिहितो, पण ते अम्माला. अम्माला अक्षर येत नाही, म्हणून वाचतोस तू. ती उत्तर सांगते, ते लिहितोस तू. नऊ वर्षं झाली, माझं बोलणं तुझ्या तोंडून आणि अम्माचं बोलणं तुझ्या हातून चाललंय, पण तुझा स्वतःचा एक शब्द त्यात नाही. खाली 'जहूरचा सलाम' एवढंही नाही. शोधून झालंय माझं.

आज लिहायचं कारण फुटबॉल आहे. हसू नकोस.

माझं काम तुला माहीत आहे. इथल्या खाडीत मोठ्या बोटी येत नाहीत, त्या बाहेर समुद्रात नांगर टाकतात. माल बार्जमधून धक्क्यावर येतो आणि मी तिथे उभा राहून पोती मोजतो. पोतं समोरून गेलं की कागदावर एक काडी, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बी.ए. होऊन हे करतोय. असो, उन्हाची सवय झाली.

कंपनीची एक फुटबॉल टीम आहे आणि मी तिचा सेक्रेटरी. गुडघ्यामुळे खेळत नाही, फक्त मोजतो. बार्जवर माल उचलायचं विंच चालवणारे दोन तात्पुरते लोक आहेत, आणि दोघेही लेफ्ट बॅक खेळतात, मागे राहून डावी बाजू राखतात. ईदनंतर दोघांचे करार संपतात. आमचा इंग्रज मॅनेजर परवा म्हणाला, "हमदुल्ला, काम दोघांचं सेम आहे. मग जो बेटर बॅक आहे तो राहील, दुसरा घरी. तू कॉलेजचा कॅप्टन होतास ना? नाव तू दे." एका माणसाचा संसार चालेल की बसेल, ते असं चहा पिता पिता माझ्या गळ्यात आलं.

एक आहे वली, श्रीवर्धनचा. तिशीचा, दोन मुलींचा बाप, घरी म्हातारे आईबाप, आणि त्याच्याशिवाय कमावता कुणी नाही. मैदानावर तो दिसतच नाही. एका जागी उभा राहतो, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. आणि मध्येच चेंडू थेट त्याच्या पायाशी येऊन थांबतो. टीममधले म्हणतात, त्याच्या आईने ताईत बांधलाय, चेंडू त्याच्याकडे चालत येतो. दुसरा अन्वर. धावतो, झोकून देतो, घसरतो, उठतो, गुडघे रक्ताळतात आणि लोक टाळ्या पिटतात. मी तीन मॅचमध्ये काड्या मारल्या. अन्वरने हिसकावलेले चेंडू चौदा, वलीने पाच. त्या पाचातले तीन तर आयते त्याच्या पायावर पडलेले.

म्हणजे हिशेब सरळ आहे. तरी मला झोंबतंय काहीतरी. कारण 'चेंडू त्याच्याकडे चालत येतो' हे वाक्य मी पूर्वी बोललो आहे. कॉलेजच्या मैदानावर, सगळ्या टीमसमोर, तुझ्याबद्दल. कावळा बसतो आणि फांदी मोडते, त्याला खेळ म्हणत नाहीत, असंही म्हणालो होतो. मग तुझ्या जागी दुसरा खेळला, खेळाडू म्हणून मिळालेली तुझी हॉस्टेलची फी-माफी गेली आणि तू दाभोळला परत गेलास.

मला सांग, खेळ आणि नशीब यांतला फरक कसा ओळखायचा? तुला जास्त कळायचं. तेव्हाही कळायचं.

हमदुल्ला

ता. क. अन्वर हा कुलसुमचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. हे वरच लिहायला हवं होतं.


दुबई, २२ नोव्हेंबर १९६४

जहूर,

अम्माचं पत्र गेल्या बोटीने पोचलं. बकरीला दोन पिल्लं झाली, मरियमबी चाचीच्या सुनेशी भांडण मिटलं, सगळं वाचलं. आणि अगदी खाली, समासाला चिकटून, वेगळ्या शाईत एक ओळ: 'त्याच्या समोरच्या राइट आउटला विचार.'

ना सलाम, ना सही. मी ती ओळ कुलसुमला दाखवली. ती म्हणाली, "एवढ्यासाठी नऊ वर्षं लागली तुमच्या भावाला?" मी म्हटलं, त्याला नाही, मला लागली.

आता ऐक. शुक्रवारी शारजाला मॅच होती, तिथल्या इंग्रजांच्या छावणीच्या टीमशी. शारजाला रस्ता असा नाहीच. ओहोटी बघून किनाऱ्याने लॉरी काढायची, उशीर झाला की चाकं खारट चिखलात आणि सगळे खेळाडू ढकलायला. ढकलूनच पोचलो. मैदान म्हणजे मिठाने कडक झालेली जमीन, काळं तेल ओतून आखलेल्या रेघा. पहिला अर्धा वेळ अन्वर डावीकडे, दुसरा अर्धा वली, असं मी ठरवलं होतं. एक-एकने मॅच सुटली. अन्वरने सहा चेंडू काढले, वलीने एक.

मॅचनंतर आमच्या डाव्या बाजूने चढणाऱ्या त्यांच्या राइट आउटला गाठलं. गोव्याचा माणूस, छावणीत स्टोअरकीपर आहे. मी विचारलं, आमच्या दोन बॅकपैकी कोण बरा?

तो बुटाची नाडी सोडत होता. म्हणाला, "वो पहलेवाला? अच्छा लड़का है, दौड़ता बहुत है. त्याच्या साइडने आम्ही सारखे गेलो, म्हणून तर त्याला एवढे बॉल मिळाले. पण वो दूसरा, बाबा रे! मी जिथे जायचा विचार करतो तिथे तो आधीच उभा. मला पास द्यायला कोणाची हिंमतच नाही. हाफ टाइमनंतर वीस मिनिटांत मी कॅप्टनला बोललो, खलास, माझ्या साइडने बॉल पाठवू नका, फुकट जातो."

मी खिशातला काड्यांचा कागद काढला. पोती मोजणाऱ्याची चूक केली होती मी. समोरून गेलं त्याची काडी मारायची, जे आलंच नाही त्याची काडी कुठे मारणार? आणि वलीचा सगळा खेळ न आलेल्या चेंडूंत होता.

लॉरीत वलीच्या शेजारी बसलो. विचारलं, तू नक्की काय बघतोस रे, चेंडू की माणूस? त्याने आधी बुटातलं मीठ झटकलं. मग म्हणाला, "पास देणाऱ्याची कंबर. पाय फसवतो, भाई, कंबर नाही फसवत." मी म्हटलं, आणि ते तीन चेंडू, जे आयते पायावर आले? त्याला हसू आलं. "दोन आणले होते. एक अल्लाने दिला."

मला हे फार आवडलं. तिन्ही आपले म्हणाला नाही.

तू कंबर बघायचास का रे? मी कधी विचारलंच नाही.

हमदुल्ला


दुबई, २७ डिसेंबर १९६४

जहूर,

तुझी दुसरी ओळ मिळाली. 'दुसरा खेळला म्हणतोस. दुसरा कोण, ते लिहायला शाई संपली का?'

नाही संपली. मी खेळलो. लेफ्ट बॅकची जागा एक होती आणि दावेदार दोन, तू आणि मी. कॅप्टन मी होतो. नाव मी दिलं आणि माझंच दिलं. तुला हे माहीत आहे, मला माहीत आहे, तरी पत्रात मी 'दुसरा' लिहिलं. सवय झाली होती. इथे लोकांना सांगतानाही मी असंच सांगतो, की भावाला टीमबाहेर काढलं. त्याच्या जागी कोण गेलं हे कुणी विचारत नाही. भावाला काढणाऱ्या माणसावर लोकांचा लगेच विश्वास बसतो.

आता इकडचं. मी मोजायची रीत बदलली. पुढच्या दोन मॅचमध्ये बॅकने किती चेंडू काढले हे बघितलंच नाही. त्याच्या बाजूने किती पाठवले आणि त्यातले किती पुढे गेले, एवढंच. अन्वरच्या बाजूने एकतीस आले, सतरा पुढे गेले. वलीच्या बाजूने नऊ आले, दोन पुढे गेले. अडलेल्यांतला एक त्याच्या पाठीला आपटून बाहेर गेला, तोही अल्लाच्या खात्यात टाकला. नशीब नसतंच असं नाही, जहूर. पण ते एखाद-दुसऱ्या चेंडूत असतं. दोन मॅच मिळून नऊच चेंडू येतात, त्याला नशीब म्हणायला तोंड धजत नाही.

कागद घेऊन मी कुलसुमसमोर बसलो. आमचं घर खजुरीच्या झापांचं, एका खोलीतलं दुसरीत ऐकू येतं, आणि दुसऱ्या खोलीत अन्वर झोपलेला. ती हळू आवाजात म्हणाली, "अन्वर माझा भाई आहे. एक नाव लिहायचं तर आहे. पेन तुमच्या हातात, साहेब तुमच्या मुठीत. मॅनेजर थोडाच काड्या मोजायला येणार?"

मी म्हटलं, खेळ वलीचा आहे.

"असेल. पण मला एक सांगा. आपल्याच माणसाला कापून शाबासकी घ्यायची तुम्हाला चटक आहे का? आधी भाऊ कापलात. लोक अजून नाव घेतात तुमचं. आता मेव्हणा."

बायको चिडली की खरं बोलते, हे मी ऐकून होतो. पण हे इतकं वर्मी लागलं की मी उठून खाडीवर गेलो आणि तासभर बसून राहिलो. लोक सांगतात त्यापलीकडे कुलसुमला तुझं-माझं काहीच माहीत नाही. तिने नुसता अंधारात दगड मारला होता.

पुढच्या आठवड्यात रोजे बहुतेक लागतील. तुझी तब्येत सांभाळ, उन्हात तरीवर पाणी न पिता उभा असतोस.

हमदुल्ला


दुबई, ८ फेब्रुवारी १९६५

जहूर,

वलीचं नाव दिलं. साहेबाने काड्या पाहिल्या, त्याला काही पटलं नाही. म्हणाला, "पण क्राउड तर अन्वरला लाइक करतो." मी म्हटलं, सर, क्राउड चेंडू बघतो. सामनेवाल्या टीमचा कॅप्टन काय बघतो, ते त्याला विचारा. त्याने खरंच शारजाला फोन लावला. पाच मिनिटं बोलला आणि परत येऊन वलीच्या कागदावर सही केली.

वलीला सांगितलं तेव्हा तो विंचवर होता. हात न काढता म्हणाला, "बरं, भाई." वाटलं, एवढंच? पण जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या शेडमध्ये पोत्यांवर डोकं टेकून रडत होता. मी परत फिरलो. त्याने मला पाहिलं नाही.

अन्वर ईद करून चौथ्या दिवशी बोटीने गेला. रागावला नाही. "दुलाभाई, तो माझ्यापेक्षा बरा आहे, मला पण माहीत होतं," म्हणाला. त्याच्यासाठी उम्म अल कुवैनला एका ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकलाय, इन्शाल्ला पावसाळ्यानंतर बोलावीन. कुलसुम माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ कमी आहे का विचारलं तर 'चाखा' म्हणते. तिचं चूक नाही.

पण मला लिहायचंय ते ईदचं. नमाज झाल्यावर आपले रत्नागिरीकडचे सगळे एकत्र जमलो, शीरखुर्मा वाटला. तिथे एक बुजुर्ग उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या हमदुल्लाला बघा. तरुणपणी सख्खा भाऊ सोडला नाही, आता बायकोचा भाऊ सोडला नाही. न्याय शिकावा तर ह्याच्याकडून." लोक मान हलवत होते. कुणी माझी पाठ थोपटली. अब्बाही दाभोळला मशिदीच्या पायरीवर बसून हेच सांगायचे, आठवतं? मरेपर्यंत सांगितलं. तू तेव्हा तिथेच असायचास, त्यांच्या चपला हातात घेऊन.

आणि ह्याच बोटीने अम्माचं पत्र आलं; अन्वर-वलीचं मी तिलाही कळवलं होतं. 'अन्वरचं काय ते तू न्यायानेच करशील. जहूरच्या वेळी केलंस तसंच कर.' अम्माने सांगितलं आणि तू लिहिलंस. तुझ्या सुंदर, ठसठशीत अक्षरात. पेन कुठे अडखळल्याची खूण नाही. खाली ह्या वेळी तुझी ओळ नव्हती.

मला ते वाक्य वाचवेना, आणि तू ते लिहिलंस. आजवर किती वेळा लिहिलंस?

वलीचं नाव देऊन मी काही चांगुलपणा केला नाही. ते फक्त योग्य होतं. पण त्याच्या जोरावर मला जुनीच शाबासकी पुन्हा मिळाली, आणि ती चोरीची आहे. किती चोरीची, हे तुलाही पुरतं माहीत नाही. तुला आजवर वाटलं असेल, भाईने चुकीचं ओळखलं, स्वतःवर जरा जास्त विश्वास ठेवला. मीही तुला तसंच वाटू दिलं. ह्या तिन्ही पत्रांतही तसंच वाटू दिलं. जणू मोजायची रीत मला दुबईत येऊन कळली.

आजच्या टपालात अम्माचंही पत्र टाकतोय. ते तू नेहमीसारखं वाच. वेळ दुपारची ठेव, सगळ्या बायका आल्यावर. आधी चाळू नकोस, नाहीतर तू मनाने काहीतरी गाळशील. तुझा स्वभाव तसा आहे.

तुझा भाई
हमदुल्ला


दुबई, ८ फेब्रुवारी १९६५

माझी अम्मा हव्वाबी हिला हमदुल्लाचा सलाम. कुलसुम खुशाल आहे, मीही आहे. ईद चांगली झाली, तुझ्या हातच्या सांदणांची आठवण झाली. ओटीवर बसलेल्या सगळ्यांना सलाम. मरियमबी चाची, आज अर्ध्यात उठून जाऊ नका.

अम्मा, हे पत्र जहूर वाचतोय. जहूर, मध्ये थांबायचं नाही.

अन्वरला परत पाठवलं आणि वलीला ठेवलं. वली त्याच्यापेक्षा चांगला खेळतो, एवढंच कारण. तू लिहिलंस, जहूरच्या वेळी केलास तसा न्याय कर. अम्मा, जहूरच्या वेळी मी न्याय केला नव्हता.

तुला फुटबॉल कळत नाही, म्हणून सोपं सांगतो. एक जागा होती, ती जहूरला मिळायला हवी होती की मला, हे मी ठरवायचं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, जहूर नशिबावर खेळतो, चेंडू त्याच्याकडे चालत येतो. लोकांना वाटलं, हा भाऊ असून भावाचा पक्ष घेत नाही. अब्बांनाही तेच वाटलं.

आता जे सांगतो ते जहूरलाही आत्ताच, वाचता वाचता कळतंय. टीमची निवड व्हायच्या आदल्या संध्याकाळी लियाकत माझ्याकडे आला होता. तोच, आपल्याकडे एकदा आंब्याच्या दिवसांत राहून गेला तो, हल्ली मोंबासाला असतो. सरावात तो समोरच्या बाजूने जहूरविरुद्ध खेळायचा. तो मला म्हणाला, "हमदुल्ला, मला उद्या दुसऱ्या बाजूला टाक. तुझ्या भावासमोर मी आठ दिवस नुसता उभा आहे. माझ्याकडे कुणी चेंडूच देत नाही, देऊन उपयोग नाही हे सगळ्यांना कळलंय. तू माझ्यासमोर असलास की मी दहातले सहा घेऊन जातो. तो असला की एकही नाही."

अम्मा, मला तेव्हाच कळलं. मला कुणी शिकवायला नको होतं. मी लियाकतला म्हटलं, हे कुणाला बोलू नकोस, माझ्या भावाचं आहे, मीच बघतो. तो बिचारा गप्प राहिला, कारण त्याला वाटलं मी जहूरला घेणार. दुसऱ्या दिवशी मी माझं नाव वाचलं. कॅप्टन असून धाकट्या भावासाठी बाकावर बसायची मला लाज वाटली. बाकी काही कारण नाही. मी फार शोधलं, नऊ वर्षं शोधलं.

मग तुम्ही सगळ्यांनी मला न्यायी म्हटलं आणि मी ते नाव अंगावर घालून हिंडलो. अब्बा जाईपर्यंत त्यांना सांगितलं नाही. जहूरचं शिक्षण सुटलं, तो तरीवर उभा राहिला, आणि त्याला घरात बसून माझी तारीफ वाचावी लागली, लिहावी लागली. तो एका शब्दाने काही बोलला नाही. मी माफी मागत नाही, ती त्याने द्यायची की नाही हे त्याचं त्याने बघावं. मला फक्त एवढंच हवं होतं की हे ओटीवर सगळ्यांसमोर वाचलं जावं, कारण खोटंही तिथेच बोललं गेलं होतं.

अम्मा, लेफ्ट बॅकची ती जागा जहूरची होती. मला ते माहीत होतं, आणि मी ती घेतली.

जहूर, तुझा आवाज इथे खाली गेला असेल. अम्माला हल्ली कमी ऐकू येतं. वरची ओळ पुन्हा एकदा वाच, मोठ्याने.